सगळ्या कोडवर एकदाच स्पेलचेकर फिरवावा का?

विश्रामबागकर: सांगली मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी हळद-बेदाण्याच्या सौद्यांची बिलं काढणारं सॉफ्टवेअर आम्ही चौघं जण सांभाळतो. 'रिसीव्ह्ड' हा शब्द काही फायलींत 'ई-आय', काहींत 'आय-ई' असा लिहिलाय. नवीन मुलीनं शोध मारला, तर निम्म्याच जागा सापडल्या. तिची अख्खी दुपार गेली. माझं स्पष्ट मत, कोडस्पेल, म्हणजे कोडमधली चुकीची स्पेलिंगं शोधून सुधारणारा प्रोग्रॅम, एकदा सगळ्या फायलींवर फिरवा, सगळं एका कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या एकाच नोंदीत, दुरुस्त करा आणि पुढं प्री-कमिटला, म्हणजे प्रत्येक नोंदीआधीच्या तपासणीत, कायमचा बसवा.

कुपवाड_नाका: ताई, सगळं एकदम नको. आमच्याकडं असंच फिरवलं होतं. 'वेट'मध्ये 'टी' आधी आणि 'एच' नंतर पडलेला, तो सुधारला गेला. पण वजनकाट्याकडून येणाऱ्या माहितीत जुनंच नाव होतं. पट्टीवर वजन शून्य छापलं. शेतकरी खिडकीशी उभा, पोती दारात, आणि हातातल्या कागदावर शून्य क्विंटल. तो चेहरा मी विसरलेलो नाही. वेबच्या एचटीटीपी नियमांतला 'रेफरर' बघा, माणूस कुठल्या पानावरून आला ते सांगणारं नाव. त्यात एक 'आर' कमी आहे, १९९६ च्या आरएफसी १९४५ या नियमांच्या दस्तऐवजातही तसाच आहे आणि ब्राउझर आजही तोच पाठवतात. तुम्ही तो शुद्ध करून वाचायला गेलात, तर हाती काही लागणार नाही.

विश्रामबागकर: दादा, हा दोष न बघता लिहू दिल्याचा. फिरवायचा सगळीकडं, पण एकेक बदल वाचून मगच घ्यायचा. बाहेर जाणारी नावं वगळायच्या यादीत टाकायची.

मिरज_जंक्शन: दोघंही कोडस्पेललाच धरून बसलात. त्याच्याकडं नेहमीच्या चुकांची यादी असते, तेवढ्याच तो पकडतो. अंडरस्कोअरनं जोडलेलं नाव त्याला एकच शब्द वाटतं, आतली चूक दिसतच नाही. आणि आपले शब्द? हमाली, तोलाई, अडत. आमच्या कोडमध्ये 'हमाली' रोमनमध्ये तीन तऱ्हांनी लिहिलेली होती, एका 'ए'ची, दोन 'एं'ची, एकीत मधला 'ए'च गायब. कोडस्पेल तिन्हींवरून गप्प पुढं गेला. सीस्पेल हा दुसरा स्पेलचेकर नावं फोडून शब्दकोशाशी ताडतो, त्यामुळं पहिल्या दिवशी शेकडो शब्दांवर बोट ठेवतो. वैताग येतो, खरंय. पण प्रोजेक्टची शब्दयादी करताना बसून ठरवावंच लागतं, की 'हमाली' लिहायची कशी. आम्ही ते दिवाणजींना शेजारी बसवून ठरवलं.

कुपवाड_नाका: हे पटलं. पण एवढ्या मोठ्या कमिटनं बदललेल्या प्रत्येक ओळीवर सुधारणाऱ्याचंच नाव येतं, मूळ माणूस सापडत नाही.

मिरज_जंक्शन: कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये २.२३ पासून 'ब्लेम'ला, म्हणजे कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवणाऱ्या आज्ञेला, ठरावीक कमिट वगळायला सांगता येतं.

विश्रामबागकर: मग शब्दयादी उद्यापासूनच सुरू करते. पण डेटाबेसमधल्या 'रिसीव्ह्ड'च्या कॉलमचं चुकीचं नावही मी बदलणार. नवीन मुलगी तेच बघून पुढं तसंच लिहिते आहे. हळदीचा हंगाम उतरला, की घेते.

कुपवाड_नाका: कॉमेंट आणि स्क्रीनवरचे संदेश आजच सुधारा, माझी ना नाही. कॉलमला मात्र हात लावू नका, ताई. हंगाम उतरला तरी जुन्या पट्ट्या काढून द्याव्याच लागतात.