सरस्वती देवींवर दोन अंकी नाटक: गाणी लाइव्ह की ट्रॅकवर? परवानग्या कोणत्या?

परभणीचा_पडदा:
हौशी राज्य नाट्य स्पर्धेसाठी नवीन संहिता बसवायलोत. विषय आहे बॉम्बे टॉकीज या जुन्या चित्रपटसंस्थेच्या संगीतकार सरस्वती देवी, म्हणजे खोर्शेद मिनोचर-होमजी. ‘अछूत कन्या’ (1936), ‘कंगन’ (1939), ‘बंधन’ (1940), ‘झूला’ (1941) यांचं संगीत त्यांचं (‘कंगन’, ‘बंधन’ला रामचंद्र पाल यांच्यासोबत), पण आज नाव सांगितलं तर समोरचा देवीचं देऊळ कुठंय म्हणून विचारतो. नऊ पात्रं, एकच सेट. अडचणी अशा:
1) मूळ गाणी रेकॉर्डवरून वाजवावीत की नटांनी म्हणावीत? नायकाचं काम करणारा बेसूर नाही, पण गायकही नाही.
2) गाण्यांच्या हक्कांचं काय?
3) पोस्टरवर ‘भारताच्या पहिल्या स्त्री संगीतकार’ लिहिलं तर चालेल का?
4) सुरुवात त्यांच्या म्हातारपणापासून आहे. बसमधून पडून झालेली दुखापत, 1980 सालचा मृत्यू आणि मग फ्लॅशबॅक. बरोबर वाटतं का?

पांढरी_चार:
नायक गायक नाही ही तुमची अडचण नाही, तेच तुमचं नाटक आहे. ‘अछूत कन्या’चे नायक-नायिका अशोक कुमार आणि देविका राणी दोघंही तयारीचे गायक नव्हते. संगीतशास्त्री पं. भातखंड्यांकडे शिकलेल्या या बाईला अशा गळ्यांसाठी चाली बांधाव्या लागल्या. हे काम रंगमंचावर दिसलं पाहिजे. रेकॉर्ड लावलीत तर प्रेक्षक जुनं गाणं ऐकून टाळ्या वाजवतील आणि बाई कोपऱ्यात उभ्या राहतील.

तालमीचा एक प्रवेश पूर्ण लांबीचा लिहा. बाई पेटीवर (हार्मोनियमवर) चाल सांगतात, अंतरा तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘ग’पर्यंत चढतो. नटाचा आवाज तार षड्जालाच, वरच्या ‘सा’लाच फाटतो. मग बाई अंतऱ्याचं टोक खाली आणतात. मग मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) वगळून अक्षराला एकेक सरळ स्वर देतात. तरी श्वास पुरत नाही, म्हणून केरव्यात (आठ मात्रांच्या तालात) ओळीच्या शेवटी दोन मात्रा मोकळ्या सोडतात आणि तिथं व्हायोलिनचा तुकडा भरतात. चाल तीनदा बदलताना प्रेक्षकाला ऐकू येते. ‘ती किती थोर होती’ असं कुणा पात्राच्या तोंडी घालायची गरजच उरत नाही.

युगुलगीताला पट्टी (पेटीच्या कोणत्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर सा धरायचा ते) जपून निवडा. नटाच्या सोयीने काळी एक धरली तर नटीचा आवाज तळाला जातो, तिच्या सोयीने काळी चार धरली तर त्याच्या शिरा ताणतात. पांढरी चार धरा आणि चाल मध्य सप्तकात सा ते ध एवढीच ठेवा. मंद्रात उतरलात की बाईचा आवाज बुडतो, तार षड्जाला पुरुषाचा फाटतो. तालमी पहिल्या दिवसापासून त्याच पट्टीत घ्या. शेवटच्या आठवड्यात पट्टी बदलली की नट संवादातून गाण्यात शिरताना हमखास चुकीचा सा धरतो.

बाईंच्या हातातली वही कोरी ठेवू नका. भातखंडे लिपीत लिहा: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राचा बिंदू खाली, ताराचा वर, समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) गुणिलेची खूण, खालीला (टाळी नसलेल्या मात्रेला) शून्य. आणि संहितेत 1936 साली भातखंडे शिकवताना दाखवले असतील तर तो प्रवेश काढा. ते त्याच वर्षी वारले आणि त्याआधी बराच काळ अंथरुणाला खिळून होते.

संहिता_फाईल:
हक्कांबद्दल. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं चालतो, म्हणून 1936 ची मूळ तबकडी मोकळी झालेली आहे. पण चाल आणि शब्द यांची मुदत कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. सरस्वती देवी 1980 साली गेल्या, म्हणजे चालींवरचा हक्क 2040 अखेरपर्यंत. ‘बंधन’मधलं ‘चल चल रे नौजवान’ कवी प्रदीप यांचं, ते 1998 ला गेले, तिथं 2058. त्यामुळे ‘जुनं गाणं आहे, कोण विचारतंय’ हा हिशेब चुकतो. तबकडी मोकळी असली तरी तिच्यातली चाल मोकळी नाही.

कायद्यात हौशी मंडळांना एक सवलत आहे: प्रेक्षकांकडून पैसे न घेता प्रयोग केला तर तो भंग धरत नाहीत. पण तिकीट लावलं की ती सवलत संपली, मग ते कितीही स्वस्त असो. नाटकात गाणं कथेचा भाग म्हणून येतं, तेव्हा हॉटेलात गाणी वाजवायचा साधा परवाना पुरेल असं धरून चालू नका. चालीचा हक्क आज कुणाकडे आहे हे शोधून लेखी परवानगी घ्या.

माझं मत: मूळ गाणं एकच घ्या, फार तर दोन. तालमीच्या प्रवेशातली चाल तुमच्या संगीतकाराकडून नवी बांधून घ्या. रागावर आणि केरव्यावर कुणाचा हक्क नसतो. शिवाय ती मोडताना, बदलताना प्रेक्षक मूळ गाण्याशी ताडून बघत बसणार नाही.

नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आणि लेखकाचं संमतीपत्र लागेलच. संहिता पाठवताना हिंदी गाण्यांचे शब्दही पूर्ण टाइप करून जोडा. ‘इथे गाणे’ एवढंच लिहून पाठवलं की शंका निघते आणि दिवस जातात.

पोस्टरवर ‘पहिल्या’ नको. अभिनेत्री बिब्बोंचं नाव ‘अदल-ए-जहांगीर’ला (1934) आणि गायिका-अभिनेत्री जद्दनबाईंचं ‘तलाश-ए-हक’ला (1935) संगीतकार म्हणून येतं. सरस्वती देवींचा ‘जवानी की हवा’ 1935 चा. ‘सुरुवातीच्या स्त्री संगीतकारांपैकी एक’ लिहा. परीक्षकांत एखादा जाणकार निघाला तर त्या एका शब्दावर तो पुढचे दोन तास रुसून बसेल.

विंगेतला_माणूस:
ध्वनी आणि सामानाचं सांगतो.

ग्रामोफोन भोंग्याचा आणू नका, 1930 च्या दशकात तो जुना झाला होता. सुटकेससारख्या पेटीत मिटणारा पोर्टेबल दाखवा. आवाज त्या पेटीतूनच आला पाहिजे, म्हणून आत छोटा स्पीकर बसवून वायर टेबलाच्या पायातून खाली न्या. ब्लूटूथ टाळा: आवाज उशिरा येतो आणि ज्याचा मोबाइल जोडलाय त्याला कुणी फोन केला की रिंग थेट 1936 सालात वाजते. मिक्सरवर 300 हर्ट्झच्या खालचं आणि 5,000 च्या वरचं कापा, नव्याने गायलेलं गाणंही तबकडीसारखं लागतं. सुई टेकली की आधी खरखर, मग दोन-तीन सेकंदांनी गाणं. नटीने आधी चावी भरायचीच. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन मिनिटांच्या आसपास संपते, त्यामुळे पाच मिनिटांच्या प्रवेशाखाली एकच रेकॉर्ड अखंड वाजवू नका.

बाईंचं काम करणारी खरंच पेटी वाजवत असेल तर उत्तम. नसेल तर जुनी पेटी घ्या, वापरातल्या सुरांच्या जिभेवर (आतल्या पितळी पातीवर) कागदी चिकटपट्टी लावा म्हणजे भाता हलतो, सूर निघत नाही. खरा वादक विंगेत. सेलोटेप लावू नका, त्याचा डिंक पितळेवर राहतो आणि सूर उतरतो. विंगेतल्या वादकाला नटीचे हात दिसले पाहिजेत. पेटी तिरकी मांडून भात्याची बाजू त्याच्याकडे करा, नाहीतर हात थांबल्यावरही स्वर चालू राहतो आणि पहिल्या रांगेला हसू येतं.

तबला ग्रीनरूममध्ये लावून आणू नका. आपल्याकडं हिवाळ्यातली हवा कोरडी, वरून दिव्यांची आच, पुडी (तबल्याचं कातडं) ताणते आणि तबल्याचा सूर चढतो. दिवे लावून अर्ध्या तासाने रंगमंचावरच लावा, मध्यंतरात पुन्हा बघा. इलेक्ट्रॉनिक तानपुरा बॅटरीवर ठेवा. लाइट गेली आणि जनरेटरवर जाईपर्यंत निदान षड्ज तरी चालू राहतो, नट त्यावर गात राहतो.

मखमल_जॉर्जेट:
दोन गोष्टी राहिल्या. पारशी बाई म्हणजे ‘डिकरा, डिकरा’ करणारं पात्र करू नका. आपल्या विनोदी नाटकांनी ती सवय लावलीय, आणि ज्या बाईच्या चित्रपटात येण्याला तिच्याच समाजातून विरोध झाला तिच्यावर नाटक करताना ती फार वाईट दिसते. भाषा साधी मराठी ठेवा, गुजराती फक्त बहिणीबरोबरच्या प्रवेशात. बहीण माणेक, पडद्यावर चंद्रप्रभा. दोघींनी नावं का बदलली, हा प्रवेश पहिल्या अंकाच्या शेवटाला जाऊ शकतो. आपल्या नटांच्या हिंदीत दखनी डोकावते, ‘नक्को’, ‘कायकू’ निघतं. अशोक कुमारचं काम करणाऱ्याकडून तेवढं घासून घ्या.

साडी जॉर्जेटची, काठाला भरतकामाची कोर, पदर उजव्या खांद्यावरून पुढे. नऊवारी किंवा पैठणी अजिबात नको, मग ती पैठण जवळ असल्यामुळे फुकट मिळत असली तरी.

आणि चौथा प्रश्न. मृत्यूने सुरुवात केलीत तर पुढचे दोन अंक प्रेक्षक कीव करत बसेल. त्यापेक्षा 1961 चा ‘झुमरू’ चित्रपट घ्या. ‘जीवन नैया’तलं (1936) अशोक कुमारांनी म्हटलेलं ‘कोई हमदम ना रहा’ तिथं किशोर कुमारांच्या आवाजात पुन्हा आलं, संगीतकार म्हणून नाव किशोर कुमारांचं. ‘झूला’तलं ‘एक चतुर नार’ही 1968 ला ‘पडोसन’मध्ये परत आलं. घरात रेडिओ चालू, बाई भाजी निवडतायत, गाणं लागतं, निवेदक वेगळंच नाव सांगतो, त्या भाजी निवडत राहतात. संवाद नको.

परभणीचा_पडदा:
म्हातारपणाचा प्रवेश काढला, रेडिओचा घेतो. पण तिथं ‘झुमरू’चं मूळ रेकॉर्डिंग वाजवलं तर?

संहिता_फाईल:
1961 चं ध्वनिमुद्रण 2021 अखेर मोकळं झालं. चालीचं मात्र वर सांगितलं तेच, शब्दांचा हक्क वेगळा तपासा. पहिल्या ओळीची फक्त पेटीवर धून घेतलीत तर शब्दांचा प्रश्न सुटतो, चालीची परवानगी तरीही लागेल.

विंगेतला_माणूस:
आणि रेडिओ लागल्या लागल्या आवाज देऊ नका. 1961 ला घरोघरी व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) सेट, तापायला पंधरा-वीस सेकंद लागतात. बटण फिरवून नटीला भाजीपाशी येऊन बसू द्या, तेवढा वेळ पुरतो.