वीट सगळ्यांची, पण सेट? फर्स्ट कॉपी लेगोचं काय करायचं

गिरगावचा_ठोकळेबाज (धागाकर्ता)

मोठ्या माणसांनी ठोकळे लावावेत का, हा विषय इथे नको. त्यावर घरोघरी पुरेसं बोलून झालं आहे.

मुंबईतल्या आम्हा काही हौशी मंडळींचा गट आहे. वर्षातून एकदा पार्ल्यात हॉल भाड्याने घेऊन आम्ही केलेलं मांडतो, लोक पोरांना घेऊन बघायला येतात. यंदा एका नव्या सभासदाने ताजमहाल आणला. लावलेला सुरेख, पण सेट फर्स्ट कॉपी, म्हणजे लेगो कंपनीच्या सेटची हुबेहूब नक्कल. टेबलावर ठेवू नये असं मी म्हटलं आणि व्हॉट्सॲपवर जी जुंपली ती अजून मिटलेली नाही. म्हणून तोच वाद इथे मांडतो.

दुसऱ्या कंपनीची वीट वापरण्यात गैर काही नाही. लेगोच्या विटेचं पेटंट १९५८ चं, ते केव्हाच संपलं. त्यानंतर कंपनीने विटेचा आकार हाच आमचा ट्रेडमार्क, असं म्हणून पाहिलं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि युरोपच्या न्यायालयाने २०१० मध्ये ते फेटाळलं, कारण वीट पकडते ती त्या आकारामुळेच. तेव्हा ८ मिलिमीटर अंतरावर गुंड्या असलेल्या विटा कुणीही कराव्यात, विकाव्यात.

पण कुणीतरी महिनोन्‌महिने डोकं चालवून घुमट कसा वळवायचा, जाळी कुठल्या तुकड्यांनी साधायची हे ठरवलं. तो सेट तुकड्याला तुकडा उचलायचा, पुस्तिका स्कॅन करायची, खोक्यावर तोच फोटो छापायचा, याला मी चोरीच म्हणतो. चीनमधल्या लेपिनने हेच केलं. २०१९ मध्ये तिथल्या पोलिसांनी धाड घातली आणि २०२० मध्ये शांघायच्या न्यायालयाने म्होरक्याला ६ वर्षं आत टाकलं. चीनच्या न्यायालयाला जे पटलं ते पार्ल्याच्या हॉलमध्ये आपल्याला पटू नये?

कल्याण_स्लो

तो ताजमहालवाला मीच. लपवायचं काय त्यात!

ठोकळेबाज, ताजमहाल निघालाच आहे तर त्याचीच कुंडली ऐका. सेट आला २००८ मध्ये, ५,९२२ तुकड्यांचा. पुढे बंद केला. मग जुन्या बाजारात भाव असे भडकले की लोक सीलबंद खोकी कपाटात ठेवून त्याला गुंतवणूक म्हणायला लागले. २०१७ मध्ये कंपनीने तोच सेट नवा नंबर घालून पुन्हा काढला आणि साठवून बसलेल्यांचे भाव पडले. आता तोही बंद. म्हणजे माल नसतो असं नाही, चाळीतल्या नळासारखी चावी दुसऱ्याच कुणाच्या हातात असते. ‘लवकरच बंद होणार’ असं वाचलं की आपण बादल्या घेऊन पळायचं.

दरवाढीचं बघा. स्टार वॉर्समधल्या यानाचा सेट, मिलेनियम फाल्कन, २०१७, ७,५४१ तुकडे, अमेरिकेत ७९९.९९ डॉलर. २०२२ मध्ये ८४९.९९. तुकडे तेवढेच, साचे तेच, पुस्तिका तीच. आणि एवढं मोजून वर चिकटवायला स्टिकर! छापील तुकडे देववत नाहीत.

चोरीची व्याख्याच करायची तर कंपनीचा जन्मदाखला काढा. हिलरी पेज नावाच्या इंग्रज माणसाने किडीक्राफ्ट या नावाने एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटा काढल्या होत्या. लेगोच्या गावी, डेन्मार्कच्या बिलुंडमध्ये त्याचे नमुने पोचले, मापात थोडा फरक केला आणि १९४९ मध्ये तीच वीट लेगोने विकायला काढली. पेज १९५७ मध्ये वारला. किडीक्राफ्टच्या विटेचे हक्क लेगोने विकत घेतले कधी, तर १९८१ मध्ये. मोठे झाल्यावर हिशेब चुकता केला. मीही मोठा झालो की करीन.

ठाण्याचा_बंड्या

प्लास्टिकच्या तुकड्यांवरून एवढी मारामारी? तेवढ्यात घराचा एक हप्ता गेला असता. चालू द्या, मी शेंगदाणे घेऊन बसलोय.

गिरगावचा_ठोकळेबाज

बंड्या, बस. सालं फेकू नकोस.

कल्याण_स्लो, किडीक्राफ्टची गोष्ट खरी आहे, पण तुम्ही ती मध्येच तोडली. पेजची वीट आतून पोकळ होती. लेगोची १९४९ ची वीटही तशीच. एकावर एक बसायची, पण उचलली की सुटायची. १९५८ मध्ये आतल्या नळ्या आल्या आणि वीट धरायला लागली. त्या वर्षीची वीट आजच्या विटेवर बसते. उचललेल्या वस्तूवर स्वतःची अक्कल अशी लावली तर मी हात जोडीन. तुमच्या ताजमहालवाल्या कारखान्याने कुठली अक्कल लावली ते सांगा. स्कॅनर चालवण्याची?

वकीलबाई_वडाळा

दोघंही सोयीपुरतं सांगताय.

परदेशी निकाल कशाला, आपला ट्रेडमार्क कायदा १९९९ चा आहे. कलम ९(३) म्हणतं की एखादं तांत्रिक काम साधायला जो आकार लागतोच, तो ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही. डिझाइन कायदा २००० चा. नोंदवलेल्या डिझाइनला १० वर्षं संरक्षण, वाढवून आणखी ५. आणि कॉपीराइट कायद्याचं कलम १५(२) हौशी लोकांनी भिंतीवर लावावं असं आहे. डिझाइन म्हणून नोंदवता आली असती अशी वस्तू नोंदवली नाही आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने कुणी यंत्राने तिचे ५० पेक्षा जास्त नग काढले, की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो.

त्यामुळे ‘रचना चोरली’ हे आपल्या कोर्टात सिद्ध करणं ठोकळेबाजांना वाटतं तेवढं सोपं नाही. पुस्तिकेची पानं, खोक्यावरचा फोटो आणि बोधचिन्ह यांची नक्कल केली तर मात्र प्रकरण सरळ आहे. बाहुल्याची गोष्ट पुन्हा वेगळी. लेगोचा तो पिवळ्या तोंडाचा छोटा माणूस १९७८ चा. त्याच्या आकाराचा ट्रेडमार्क युरोपच्या न्यायालयाने २०१५ मध्ये कायम ठेवला. वीट मोकळी, माणूस बांधलेला.

टेबलावर काय ठेवायचं हा तुमच्या गटाचा नियम. त्याला कायद्याचा टेकू शोधू नका.

दादरची_सून

किमतीवर सगळे बोलतायत, मार्केटिंगवर नुसतं नाक मुरडून झालं. २०२० पासून काळी खोकी आणि वर १८+ आलं, त्यात माझ्यासारखी माणसं या छंदात आली. त्याआधी दुकानात मुलासाठी घेतेय असं सांगायची लाज होती. २०२१ चा ७५६ तुकड्यांचा पुष्पगुच्छ मी घेतला. सासूबाई म्हणाल्या, फुलबाजार पाच मिनिटांवर असताना प्लास्टिकची फुलं? त्यांचं म्हणणं रास्त आहे आणि माझंही. ऑफिसचा स्क्रीन बंद केल्यावर रात्री तासभर हाताला काहीतरी लागतं. यात मला कुणी फसवलं असं वाटत नाही. कॉपी मी घेत नाही, परवडेल तेवढंच घेते.

कल्याण_स्लो

ताई, परवडेल तेवढंच घ्या हे दादरमध्ये बसून म्हणायला ठीक आहे.

दादरची_सून

चाळीत राहते हो. तीनशे चौरस फूट. गुच्छ फ्रिजवर आहे, कारण दुसरी जागा नाही.

खेळणीवाला_अब्दुलरहमान_स्ट्रीट

मराठी माणूस आहे, नावावर जाऊ नका, दुकान तिथे आहे. क्रॉफर्ड मार्केटमागे बापाच्या वेळेपासून खेळणी विकतो. डॉलरला रुपयाने गुणून कंपनीला शिव्या घालणाऱ्यांसाठी थोडा हिशेब.

खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत २० टक्के होतं. ते एकदम ६० झालं आणि २०२३ मध्ये ७०. १०० रुपयांचा माल गोदीतून बाहेर येईपर्यंत १७० चा होतो, त्यावर जीएसटी. तो १२ टक्के होता, २०२५ च्या सप्टेंबरपासून ५ झाला, ते एक बरं झालं. मग वितरक, दुकानाचं भाडं, आमचे दोन पैसे. शुल्क छापील किमतीवर नाही, आयातीच्या भावावर लागतं, हे लक्षात ठेवा. म्हणजे सगळं पाप सरकारच्या माथी मारायचंही कारण नाही.

दुसरं. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. एजंट जी कॉपीची खोकी घेऊन येतो त्यांवर हमखास १४+ छापलेलं असतं आणि आत कार्टूनची बाहुली. चौदा वर्षांवरचा कुठला घोडा ती बाहुली मागतो? प्लास्टिक कुठलं, रंग कुठला, विचारायची सोय नाही. मी ठेवत नाही. शेजारचा ठेवतो आणि त्याची दिवाळी माझ्यापेक्षा चांगली होते.

स्वस्त पाहिजे म्हणजे कॉपीच पाहिजे असं मात्र नाही. स्वतःची डिझाइनं काढणारे बरेच आहेत. पोलंडची कोबी नावाची कंपनी रणगाडे आणि दुसऱ्या महायुद्धातली विमानं काढते. लेगो आजकालच्या लष्कराचे सेट मुद्दाम काढत नाही, ती जागा यांनी घेतली. लेगोच्या विटेवर बसतात, पण डोकं त्यांचं स्वतःचं.

मेकॅनोआजोबा

आमच्या लहानपणी मेकॅनो, भोकं पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या नट-बोल्टने जोडायच्या. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीचं पेटंट १९०१ चं. पट्टीवरच्या भोकांतलं अंतर अर्धा इंच, पुढे नक्कल करणाऱ्यांनीही तेच ठेवलं म्हणून एकाची पट्टी दुसऱ्याला लागायची. माझ्या क्रेनमध्ये तीन देशांचं पत्रं होतं. कुणी विचारलं नाही, कारण क्रेन माझी होती, पुस्तिकेतली नव्हती.

गिरगावचा_ठोकळेबाज

आजोबा, अगदी हेच! विटा कुठल्याही आणा, क्रेन तुमची असू द्या.

मॉकवाली_माहीम

आजोबांना नमस्कार. ठोकळेबाज, तुम्ही इतक्यात टाळ्या वाजवू नका.

बेस्टची रोजच्या फेऱ्यांतली शेवटची डिझेल डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला बंद झाली. ती मी ठोकळ्यांत केली. मागचा उघडा दरवाजा आणि वळणारा जिना यांनी जीव खाल्ला. आठ गुंड्यांच्या रुंदीत जिना घातला की खालच्या मजल्यावर सीट बसत नाही, रुंदी वाढवली की बस नाही, ट्रक दिसतो. शेवटी जिन्याच्या पायऱ्या आडव्या तुकड्यांवर लटकवल्या. विटा निम्म्या लेगोच्या, निम्म्या दुसऱ्या, कारण एवढा लाल रंग लेगोचा घ्यायचा तर दागिने मोडावे लागले असते. मग कॉम्प्युटरवर पायरी-पायरीने पुस्तिका बनवली आणि पीडीएफ विकायला ठेवली.

पुढे काय झालं? एका परदेशी ऑनलाइन दुकानात माझी बस आख्खा सेट म्हणून आली. फोटोही माझाच, मागे माझ्या स्वयंपाकघराच्या टाइल्स दिसतायत. कल्याण_स्लो, तुझा राग मोठ्या कंपनीवर आहे, पण असे कारखाने मोठ्याचं आणि माझं एकाच घमेल्याने उचलतात. लेगोकडे वकिलांची फौज आहे. मी त्या दुकानाला चार मेल केले, उत्तर आलं नाही.

आणि ठोकळेबाज, माझी पीडीएफ आपल्याच गटात व्हॉट्सॲपवर फिरली. ‘कुणाकडे आहे का’, ‘घ्या’, ‘धन्यवाद’, अंगठा, अंगठा. तेव्हा तुमचा टेबलाचा नियम कुठे गेला होता? अस्सल खोकी मांडणारेच अंगठे देत होते.

गिरगावचा_ठोकळेबाज

पीडीएफ फिरवणं आणि कारखान्यात हजारो खोकी काढणं एकाच पारड्यात घालू नका. एकात कुणी कमावत नाही. शिवाय लेगो स्वतःच जवळपास सगळ्या सेटच्या पुस्तिका साइटवर फुकट ठेवते. लोकांना तीच सवय लागलीय, त्यात दुष्टावा नाही.

मॉकवाली_माहीम

लेगो पुस्तिका फुकट देऊ शकते, कारण ती विटा विकते. माझ्याकडे विकायला विटा नाहीत, पुस्तिकाच आहे. म्हणजे कंपनी जे वाटते ते तुम्ही पैसे मोजून खोक्यात घेता, आणि मी जे विकते ते फुकट फिरवता. दुष्टावा नसेल, पण हिशेब बघा.

वकीलबाई_वडाळा

मॉकवालीच्या पुस्तिकेवर कॉपीराइट आहे, नोंदणी केलेली असो वा नसो. या धाग्यातलं सगळ्यात पक्कं प्रकरण तेच.

दादरची_सून

लोकांची डिझाइनं मागवणाऱ्या लेगोच्या आयडियाजमध्ये का पाठवत नाहीस? १०,००० मतं मिळवून पुढे निवड झाली तर विक्रीच्या १ टक्का डिझाइनरला देतात.

मॉकवाली_माहीम

१०,००० मतं? बेस्टच्या बसला? थांब्यावर उभ्या असलेल्यांनी दिली तर होतील. पण तोपर्यंत डिझाइन माझं म्हणून जगाला दाखवत बसायचं आणि स्कॅनरवाल्यांनी बघायचं.

कल्याण_स्लो

घमेल्याचा मुद्दा लागला. तरी एक बोलतो. ठोकळेबाजांचा नियम लागू केला तर बाहेर मी पडतो, ज्याने सगळ्यांसमोर फर्स्ट कॉपी आणली आणि विचारल्यावर खरं सांगितलं. पीडीएफवाले अंगठे आतच राहतात, कारण पीडीएफ टेबलावर दिसत नाही. प्रत्येक मॉडेलपुढे चिठ्ठी लावा, डिझाइन कुणाचं, पैसे दिले की नाही, विटा कुठल्या. मग बघू किती टेबलं रिकामी होतात.

गिरगावचा_ठोकळेबाज

डिझाइन कुणाचं आणि विटा कुठल्या, इतपत चिठ्ठी मान्य. पैसे दिले की नाही हे कोण तपासणार? मी इन्कम टॅक्सवाला आहे का?

ठाण्याचा_बंड्या

शेंगदाणे संपले.

कल्याण_स्लो

मॉकवालीताई, पीडीएफ कितीला?

मॉकवाली_माहीम

३५० रुपये, तुकड्यांची यादी सोबत. लाल एकाच कंपनीचा घे. दोन कंपन्यांचे मिसळलेस तर बस डेंटिंग-पेंटिंगहून आल्यासारखी दिसते. आणि खिडक्यांचे पारदर्शक तुकडे स्वस्तातले घेऊ नकोस, ओरखडे घेऊनच येतात.

कल्याण_स्लो

जीपे केले. नियमाला माझा विरोध कायम आहे, या साडेतीनशेंचा त्याच्याशी संबंध नाही.