स्टेजवर बसलं की आवाज थरथरतो, काय करू?

फोंडेकरीण:
नमस्कार मंडळी. शास्त्रीय शिकतेय, घरी बाईंसमोर अर्धा तास भूप आरामात गाते, पण देवळाच्या मंडपात माईकसमोर बसले की तोंडाला कोरड, हात गार, आणि लांब षड्ज, म्हणजे सा, धरला की आवाज असा हलतो की पहिल्या रांगेत नक्की कळत असणार. गणेश चवथीनंतर गावच्या कार्यक्रमात एक नाट्यगीत आणि एक अभंग गायचाय. मैत्रीण म्हणते धडधड कमी करायची गोळी मिळते, घेऊ का? यातून कोणी बाहेर आलंय का खरंच?

पेटीवाला_डिचोली:
ताई, तुमच्या गळ्याला काही झालेलं नाही, श्वास अडकतोय. घाबरलं की अ‍ॅड्रेनलिन वाढतं, श्वास छातीत वरवर चालतो आणि लांब स्वराला दम पुरत नाही. बसायच्या आधी पाच मिनिटं चार मोजून श्वास घ्या आणि आठ मोजत हळू सोडा, सोडण्याकडे जास्त लक्ष. आणि साथीला बसून मी कायम बघतो, घाबरलेला गायक लय वाढवूनच उचलतो, म्हणून तबल्यावाल्याला लय आधी सांगून ठेवा, त्याने ठेका धरला की एक आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, जाऊ द्या आणि मगच मुखडा, म्हणजे गाण्याची पहिली ओळ, घ्या, तेवढ्यात तानपुऱ्याचा सा कानात नीट बसतो. सुरुवातीचे आलाप छोटे ठेवा, मध्य सप्तकातच, म्हणजे मधल्या सुरांत. लांब षड्ज दहा मिनिटांनी धरा की, घाई कसली!

डॉक्टर_पणजी:
गोळी म्हणजे बहुतेक प्रोप्रानोलॉल. परदेशात ऑर्केस्ट्रातले बरेच वादक घेतात हे खरंय, धडधड आणि हाताचा कंप कमी होतो. पण दमा असेल तर श्वासनळ्या आवळतात, नाडी किंवा बीपी मुळात कमी असेल तरी नको. मैत्रिणीच्या सांगण्यावरून अजिबात घेऊ नका, आपल्या डॉक्टरांना तपासू दे. २०१४ मध्ये हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी कराओके गाणाऱ्यांवर प्रयोग केला होता, त्यात ‘मला भीती वाटतेय’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतोय’ असं मोठ्याने म्हणून गायलेले जास्त सुरात गायले. धडधड तीच, नाव बदललं. फुकटात आहे, करून बघा.

भजनी_वास्को:
वरचं सगळं बरोबर, पण ही भीती माणसांसमोर गाऊन गाऊनच जाते आणि आपल्या गोव्यात त्याला जागा कमी नाहीत. श्रावण तोंडावर आलाय, आमच्या वास्कोचा सप्ताह नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो, चोवीस तास अखंड भजन, मंडळं आळीपाळीने गातात. तुमच्या गावच्या देवळातही भजन असेलच, तिथे आधी मागून धरा, मग एक कडवं एकटीने, मग पूर्ण अभंग. माझी मुलगी अशीच तयार झाली, आधी आईच्या मागे लपायची. आणि चवथीला घरोघरी घुमट (आपलं मातीचं चर्मवाद्य) वाजवत आरत्या होतील तेव्हा एक आरती तुम्ही उचला, तिथे कोणी सूर मोजत बसत नाही.

फोंडेकरीण:
खूप आभार सगळ्यांचे. गोळीचा विचार सोडला. पेटीवाले भाऊ, एकच अजून, मला माईकवर माझाच आवाज ऐकू येत नाही, मग मी जोर लावते आणि गळा बसतो.

पेटीवाला_डिचोली:
मग अर्धी भीती तिथेच आहे. लोक यायच्या आधी जाऊन साऊंडवाल्याला सांगा, समोरच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे गायकाकडे तोंड असलेल्या स्पीकरमध्ये, तुमचा आवाज आणि तानपुरा वाढवायला, तबला कमी. स्वतः दोन ओळी पूर्ण गाऊन बघा, नुसतं ‘हॅलो चेक’ करून उठू नका.