मदत हवी आहे: चित्रं आणि ब्लेंडरसाठी पातळ टू-इन-वन लॅपटॉप, ग्राफिक्स कितपत पुरेल?

रेघोटी

नमस्कार मंडळी,

मी मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. जास्वंदीचा उभा छेद, हृदयाचे कप्पे, ज्वालामुखीच्या पोटातले थर, अशी कामं असतात. रेखाटन आणि रंग क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये. एखादा आकार नीट डोळ्यांसमोर येत नसेल तर आधी ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये त्याचं कच्चं मॉडेल उभं करते, फिरवून हवा तो कोन शोधते आणि मग त्यावरून रेखाटते.

सध्याचा लॅपटॉप अकराव्या पिढीचा कोअर आय५ आहे, रॅम ८ जीबी, आणि शेजारी वेगळा पेन टॅब्लेट. ब्लेंडरमध्ये मॉडेल जरा भरलं की फिरवताना अडखळतं. रेंडर्ड प्रिव्ह्यू (प्रकाश-सावल्यांसह दिसणारं मॉडेल) लावला तर जवळजवळ थांबतंच. क्रितामध्ये मोठ्या ब्रशने रंगवताना रेघ पेनच्या मागे राहते.

आता पडद्यावरच काढता येईल असा, पूर्ण मागे वळणारा १४ इंची पातळ लॅपटॉप घ्यायचा आहे. वजन दीड किलोच्या आसपास असावं. चार प्रकार समोर आहेत: इंटेल कोअर अल्ट्रा ७ २५८व्ही (ग्राफिक्स आर्क १४०व्ही), रायझेन एआय ७ ३५० (रेडिऑन ८६०एम), थोडा जाड चालवून घेतला तर एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०५० हे वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला, आणि स्नॅपड्रॅगन एक्स एलिटचा, ज्याची बॅटरी फार टिकते असं सगळीकडे वाचते आहे.

वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला घेतला तर वर्षभरात पस्तावायची वेळ येईल का? आणि यातल्या कशावर माझी सॉफ्टवेअर, पेन किंवा जुना यूएसबी स्कॅनर अडेल का? हा स्कॅनर मला सोडायचा नाही, पेन्सिलीची मूळ रेखाटनं त्यातूनच येतात.

काजवा

स्कॅनर सोडायचा नसेल तर स्नॅपड्रॅगन यादीतून आत्ताच काढा. कारण सविस्तर कोणीतरी लिहीलच.

मंदप्रकाश

रेघोटी, उत्तर द्यायच्या आधी दोन गोष्टी बघून सांगाल का? टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडून मेमरीवर क्लिक करा. तिथे रॅमचे किती स्लॉट वापरात आहेत ते लिहिलेलं असतं. मग खाली जीपीयूवर जा आणि ग्राफिक्सचं नाव काय दाखवतंय ते वाचा. अडखळण्याचं कारण कदाचित तिथेच सापडेल.

रेघोटी

स्लॉट २ पैकी १ वापरात. ग्राफिक्सचं नाव 'यूएचडी' असं दिसतंय. खोक्यावर मात्र आयरिस एक्सई छापलेलं आहे!

मंदप्रकाश

मला तेच वाटत होतं. खोक्यावर खोटं छापलेलं नाही. त्या पिढीच्या आय५ आणि आय७ मध्ये आयरिस एक्सई हे नाव आणि पूर्ण वेग मिळायला रॅम दोन चॅनेलची लागते. एकच स्टिक असेल तर त्याच चिपची ओळख यूएचडी अशी दिसते. अंगभूत, म्हणजे प्रोसेसरमधल्याच, ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते लॅपटॉपच्याच रॅममधून डेटा उचलतं. एक स्टिक म्हणजे दोन नळांपैकी एक बंद ठेवून टाकी भरणं. म्हणजे अंगभूत ग्राफिक्सचा तुमचा आजवरचा अनुभव निम्म्या वाटेवरचा आहे, आणि त्यावरून नव्या लॅपटॉपचा अंदाज बांधू नका.

शक्य असेल तर कोणाकडून तरी जुळणारी ८ जीबीची दुसरी स्टिक काही दिवसांसाठी घ्या, बसवा, आणि तुमची सगळ्यात जड फाइल उघडून पाहा. मग बोलणं सोपं होईल.

तोवर तुमच्या कामाबद्दल. क्रितामधली ब्रशची आकडेमोड ग्राफिक्सवर होत नाही, ती प्रोसेसर करतो. कॅनव्हास दाखवणं, झूम करणं, फिरवणं एवढंच ग्राफिक्सकडे असतं. त्यामुळे रेघ मागे राहते ती आरटीएक्स घेऊन सुटेलच असं नाही. तिथे रॅमचा प्रश्न मोठा असतो. ए४ कागद ६०० डीपीआयला ४९६० गुणिले ७०१६ पिक्सेल होतो, म्हणजे साधारण ३.४८ कोटी पिक्सेल. एका पिक्सेलला ४ बाइट धरले तर पूर्ण रंगवलेला एकच लेयर १३९ एमबीच्या घरात जातो. असे वीस लेयर म्हणजे पावणेतीन जीबीच्या वर, आणि अनडूचा इतिहास वेगळाच. ८ जीबीमध्ये विंडोज आणि ब्राउझरही राहतात, मग डिस्कवर अदलाबदल सुरू होते. नवा घेताना ३२ जीबी घ्याच. या पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा सोल्डर केलेली असते. २५८व्हीमध्ये तर ती प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवलेली आहे, नंतर वाढवायचा मार्गच नाही. नावातला शेवटचा आकडा नीट वाचा: २५८व्ही म्हणजे ३२ जीबी, २५६व्ही म्हणजे १६.

दरम्यान क्रितामध्ये शिफ्ट आणि एल दाबून इन्स्टंट प्रिव्ह्यू चालू करून बघा. मोठ्या ब्रशला लगेच फरक जाणवतो.

उंबरठा

काजवा म्हणतात त्याचं कारण लिहितो. स्नॅपड्रॅगन एआरएम प्रकारचा आहे, म्हणजे त्याची भाषा इंटेल-एएमडीपेक्षा वेगळी. नेहमीची विंडोज सॉफ्टवेअर त्यावर चालवायला विंडोज ११ मध्ये प्रिझम नावाचा अनुवादक आहे आणि तो चांगला आहे, बरीच सॉफ्टवेअर विनातक्रार चालतात. पण प्रिझम ड्रायव्हरचा अनुवाद करत नाही. कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, बसणारा ड्रायव्हर एआरएम६४ साठी वेगळा बनवलेलाच लागतो. कंपनीने जुन्या स्कॅनरसाठी तो काढला नसेल तर स्कॅनर नुसता जोडलेला राहील. पेन टॅब्लेटच्या ड्रायव्हरचंही तेच. बॅटरीचं कौतुक खरं आहे, तरी तुमच्यासाठी ही निवड नाही.

मंदप्रकाश

उंबरठा यांच्याशी सहमत. आता आरटीएक्स ४०५० बद्दल, कारण तिथे गोंधळ फार होतो.

लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०५० हे एकच ठरलेलं यंत्र नाही. एनव्हिडियाने त्याला ३५ ते ११५ वॅट असा पट्टा दिलाय. बनवणारी कंपनी त्यात कुठे थांबते ते लॅपटॉपच्या जाडीवर आणि फॅनवर ठरतं. पातळ टू-इन-वनमध्ये ते खालच्या बाजूला असतं. त्यामुळे जाड गेमिंग लॅपटॉपवरचे ४०५० चे आकडे वाचून पातळ लॅपटॉप घेऊ नका. तपशीलाच्या पानावर टीजीपी (ग्राफिक्सला मिळणारी वीज) किती वॅट लिहिलाय ते शोधा. लिहिलाच नसेल तर मी तो लॅपटॉप बाजूला ठेवेन.

पातळ लॅपटॉपच्या परीक्षणात पहिल्या मिनिटाचा स्कोअर बघून उपयोग नाही. त्या मिनिटात प्रोसेसरला जास्त वॅट मिळतात. २५८व्ही ३७ वॅटपर्यंत जाऊ शकतो, पण त्याची मूळ पातळी १७ वॅटची आहे. बॉडी तापली की लॅपटॉप खाली उतरतो, आणि किती उतरतो ते त्या विशिष्ट मॉडेलच्या कूलिंगवर अवलंबून असतं. म्हणून थ्रीडीमार्क या वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरच्या स्ट्रेस टेस्टचे आकडे शोधा. त्यात तीच चाचणी २० वेळा लागोपाठ चालते आणि वेग किती टिकला ते टक्क्यांत सांगितलं जातं. ९७ टक्के ही उत्तीर्ण होण्याची रेषा आहे. दोन लॅपटॉपमध्ये चिप तीच असली तरी इथे ते वेगळे पडतात.

टू-इन-वनला आणखी एक गोष्ट असते जी परीक्षणात क्वचित येते. टॅब्लेटसारखा दुमडून मांडीवर किंवा गादीवर ठेवला की हवा आत घ्यायच्या जाळ्या झाकल्या जातात. तुम्ही तर तो मुख्यतः तसाच वापरणार. जाळ्या कुठे आहेत ते फोटोत बघा. काढताना थोडा उचलून धरणारा स्टँड लावा, हाताला कोनही बरा मिळतो.

पडद्याचं रिझोल्यूशनही हिशेबात धरा. २८८० गुणिले १८०० च्या ओएलईडी पडद्यावर १९२० गुणिले १२०० च्या सव्वादोनपट पिक्सेल असतात. ब्लेंडरचा व्ह्यूपोर्ट (मॉडेल दिसतं ती खिडकी) पूर्ण पडद्यावर ठेवलात तर तेवढा जास्त भार त्याच ग्राफिक्सवर पडतो. चित्रकाराने तीक्ष्ण पडदा घ्यावा असंच मी म्हणेन, पण ग्राफिक्स तोलायला बसताना हा आकडा सोबत असू द्या.

रेघोटी

इतकं मनापासून लिहिलंत, खूप आभार. ब्लेंडरमध्ये अंगभूत ग्राफिक्सवर रेंडर होतं का हे अजून कळलं नाही. ब्लेंडरच्या रेंडर इंजिनांपैकी मी वेगवान ईव्ही जास्त वापरते, प्रकाश बारकाईने मोजणारं सायकल्स कधीतरी, पारदर्शक वस्तू असेल तर. डोळ्याचं भिंग, काचेचं चंचुपात्र वगैरे.

मंदप्रकाश

ईव्ही ग्राफिक्सवरच चालतं, मग ते कोणत्याही कंपनीचं असो, अट फक्त ड्रायव्हर पुरेसा नवा असण्याची. ब्लेंडर ४.० पासून ओपनजीएल (ग्राफिक्सशी बोलायची पद्धत) ४.३ ही किमान गरज आहे आणि तुमच्या यादीतली इंटेल आणि एएमडीची चिप ती सहज भागवते.

सायकल्स वेगळं आहे. ते ग्राफिक्सवर चालवायला प्रत्येक कंपनीची वेगळी वाट लागते: एनव्हिडियासाठी कूडा किंवा ऑप्टिक्स, एएमडीसाठी एचआयपी, इंटेल आर्कसाठी वनएपीआय. सगळ्यात जुनी आणि रुळलेली वाट एनव्हिडियाची. इंटेलची ब्लेंडर ३.३ पासून, म्हणजे २०२२ पासून आहे, पण आर्कसाठी. तुमच्या सध्याच्या आयरिस एक्सईला ती नाही, तिथे सायकल्स प्रोसेसरवरच चालेल. रेडिऑन ८६०एमचा विचार करत असाल तर तुमच्या ब्लेंडरच्या आवृत्तीत ती चिप प्रेफरन्सेसच्या सिस्टम टॅबमध्ये निवडता येते का, हे तो लॅपटॉप वापरणाऱ्या कोणाकडून तरी पक्कं करून घ्या. हे पटकन तपासता येतं आणि घरी आणल्यावर कळण्यापेक्षा फार बरं.

काही सॉफ्टवेअर व्हीरॅम, म्हणजे ग्राफिक्सची मेमरी, मोजून इशारा देतात. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सच्या नावावर मेमरी १२८ एमबी इतकीच दिसते (तीही रॅममधलीच), बाकीची रॅममधून, साधारण निम्म्यापर्यंत, लागेल तशी घेतली जाते. इशारा आला म्हणून घाबरू नका, ब्लेंडर आणि क्रिता चालतात. मात्र उद्या एन्स्केपसारखं वास्तुरचनेचं रेंडरर वापरायचा विचार असेल तर त्यांना वेगळं कार्ड लागतंच, आणि मग तिसरा प्रकारच घ्या.

उंबरठा

एक मधली वाट आहे. २५८व्हीच्या लॅपटॉपला थंडरबोल्ट ४ असतं. पुढे सायकल्सचं काम वाढलं तर टेबलावर बाहेरचं ग्राफिक्स कार्ड खोक्यात घालून केबलने जोडता येतं. ४० जीबीपीएसच्या वाटेने गेमला बराच फटका बसतो, पण सायकल्समध्ये दृश्य एकदा कार्डावर गेलं की पुढची मेहनत कार्डावरच होते, त्यामुळे नुकसान कमी. स्नॅपड्रॅगनवर हा मार्ग नाही.

रेघोटी

ओळखीच्या एकांकडून रॅमची स्टिक मिळाली आणि बसवली. नाव लगेच आयरिस एक्सई झालं! हृदयाचं मॉडेल, जे फिरवताना अडकायचं, ते आता सलग फिरतंय. क्रितामध्ये मोठा ब्रशही बराच सुधारला, विशेषतः लेयर वाढल्यावर. ईव्हीचा रेंडर्ड प्रिव्ह्यू अजून जड आहे, पण काम करता येईल इतपत.

हे बघितल्यावर आरटीएक्सचा हट्ट सोडला. माझं नव्वद टक्के काम रेघेचं आहे आणि जास्त वजन, फॅनचा आवाज मला रोज सोसावा लागेल. २५८व्हीच्या दिशेने मन झुकलंय. हा जुना लॅपटॉप स्कॅनरसाठी आणि रात्रभर चालणाऱ्या सायकल्ससाठी ठेवीन.

शेवटची शंका पेनची. माझ्या पेन टॅब्लेटचा पेन नव्या पडद्यावर चालणार नाही हे माहीत आहे. पण लॅपटॉपसोबत येणारा पेन कसा पारखायचा?

निळीशाई

मी टू-इन-वनवरच काढते, म्हणून हे मी घेते.

आधी पेनची भाषा विचारा. मायक्रोसॉफ्टचा एमपीपी, वेकॉमचा एईएस आणि यूएसआय हे वेगवेगळे आहेत. एकाचा पेन दुसऱ्या पडद्यावर लिहीत नाही. काही पेन दोन भाषा बोलतात, तसं तपशिलात स्पष्ट लिहिलेलं असतं. दाबाच्या पातळ्या ४०९६ आहेत की ८१९२ यावर वेळ घालवू नका, हाताला तो फरक कळत नाही. किती हलक्या स्पर्शाला रेघ उमटायला सुरुवात होते ते बघा. जोर दिल्यावरच उमटणारा पेन संध्याकाळपर्यंत मनगट दुखवतो.

मग पट्टी धरून अगदी सावकाश तिरक्या रेघा ओढा, कोपऱ्यातून कोपऱ्यात. भरभर ओढलेली रेघ सगळीकडे सरळ येते. सावकाश ओढली की ज्या पडद्याला खोट आहे तिथे रेघ लाटेसारखी डुलते. फुलाच्या शिरा आणि नामनिर्देशनाच्या बारीक रेषा काढणाऱ्याला ती डुलणारी रेघ चालणारच नाही, आणि कुठल्याही ग्राफिक्सने ती सुधारत नाही. पडद्याच्या कडांजवळही काढून बघा. पेन तिरका धरून टिल्ट ओळखतो का, तळहात टेकवल्यावर ठिपके उठतात का, हेही त्याच वेळी.

क्रितामध्ये सेटिंग्जच्या टॅब्लेट भागात विनटॅब आणि विंडोज इंक असे पेन वाचण्याचे दोन पर्याय आहेत. पडद्यावरच्या एमपीपी पेनला विंडोज इंक लावा. जुना पेन टॅब्लेट जोडलात आणि दाब येईनासा झाला तर विनटॅब निवडून क्रिता बंद करून पुन्हा उघडा. एकाच लॅपटॉपवर दोन्ही वापरणाऱ्यांची निम्मी तक्रार इथेच मिटते.

ओएलईडी घेत असाल तर प्रखरता कमी करून अर्धा तास समोर बसून पाहा. बरेच ओएलईडी पडदे कमी उजेडात वेगाने लुकलुकत मंद होतात आणि काहींचे डोळे त्याने दुखतात. माझे दुखतात, म्हणून मी आयपीएस पडद्याचा घेतला.