मदत हवी आहे : मराठी पटकथा देवनागरीत लिहिण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

सर्वांना नमस्कार.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. गडहिंग्लजला एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना आम्ही सगळे गुरुजीच म्हणतो. ते आणि मी मिळून गेली दोन वर्षे एका मराठी चित्रपटाची पटकथा लिहीत आहोत. कथा गुऱ्हाळावर घडते. पहिले दोन खर्डे गुरुजींनी फुलस्केप कागदांवर हाताने लिहिले आणि मी ते एका डीटीपी केंद्रातून टाइप करून घेतले. त्या केंद्राने युनिकोडपूर्व (म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरपद्धत येण्याआधीचा) जुना फॉन्ट वापरल्यामुळे ती फाइल आज माझ्या संगणकावर उघडली की नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. म्हणून तिसरा खर्डा पहिल्यापासून युनिकोडमध्ये आणि पटकथेसाठीच बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये लिहायचे आम्ही ठरवले आहे. दिवाळीनंतर गुऱ्हाळे पेटली की हंगाम संपायच्या आत चित्रीकरण उरकावे लागणार आहे, त्यामुळे सॉफ्टवेअरचा निर्णय फार लांबवता येणार नाही.

सॉफ्टवेअरची तुलना करणारे लेख इंग्रजीत हवे तेवढे आहेत आणि त्यांतले बरेच मी वाचले आहेत. पण ते सगळे रोमन लिपी गृहीत धरून लिहिलेले असतात. आमची अडचण नेमकी तिथेच आहे. ती एका शब्दावरून सांगतो.

‘गुऱ्हाळ’ हा शब्द आमच्या पटकथेत जवळजवळ प्रत्येक दृश्याच्या शीर्षकात येतो. गेल्या महिन्यात एका ऑनलाइन सॉफ्टवेअरवर मी पहिली वीस दृश्ये टाइप केली आणि पीडीएफ काढून छापून आणली. पडद्यावर सगळे व्यवस्थित दिसत होते. छापील पानावर मात्र ‘गुऱ्हाळ’चे ‘गुर्हाळ’ झाले होते, म्हणजे ऱ्ह मोडून ह च्या डोक्यावर रफार चढला होता, आणि ‘चिपाड’ या शब्दातली वेलांटी च ला सोडून प ला चिकटली होती. गुरुजींनी ती पाने चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळून पाहिली आणि तांबड्या शाईने एकेक शब्द दुरुस्त करून मला परत दिली. ज्यांनी आयुष्यभर मुलांना शुद्धलेखन शिकवले त्यांच्यापुढे आपण तसली पाने ठेवली, याचे मला फार वाईट वाटले.

ऱ्ह का मोडतो याचा शोध घेतल्यावर जे समजले ते इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून लिहितो. युनिकोडमध्ये ऱ्ह दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त आणि मग ह असतो. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, त्यानंतर न दिसणारे एक जोडचिन्ह (झिरो विड्थ जॉइनर) आणि मग ह असतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पण सॉफ्टवेअरने ते अदृश्य चिन्ह गाळले की दुसऱ्या प्रकारातल्या ऱ्ह चा लगेच रफार होतो. एवढ्यावर भागत नाही. मी इन्स्क्रिप्ट कळफलक वापरतो, तर गुरुजींचे संवाद त्यांचा पुतण्या फोनवर टाइप करून पाठवतो. दोघांचे लेखन एकत्र केल्यावर सॉफ्टवेअरने काढलेल्या स्थळांच्या यादीत गुऱ्हाळ दोनदा आले, एकात चौदा दृश्ये आणि दुसऱ्यात सहा. ही यादी तशीच पुढे गेली असती, तर चित्रीकरणाचे वेळापत्रक लावणाऱ्याने आमच्याकडे दोन गुऱ्हाळे आहेत असेच धरले असते आणि खर्चाचा अंदाजही त्यावर बसवला असता.

दुसरी अडचण दृश्यशीर्षकांची आणि पात्रांच्या नावांची आहे. रोमन लिपीत पात्राचे नाव कॅपिटल अक्षरांत लिहिले की सॉफ्टवेअरला ते ओळखता येते, आणि दृश्याची सुरुवात ‘इंट.’ (इंटिरियर, आतले दृश्य) किंवा ‘एक्स्ट.’ (एक्स्टिरियर, बाहेरचे दृश्य) यांवरून कळते. आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरे नाहीतच, आणि ‘अंतर्गत’ किंवा ‘बाह्य’ लिहिले तर बहुतेक सॉफ्टवेअर त्याला साधा परिच्छेद समजते. या बाबतीत मला फाउंटनची पद्धत सर्वांत समंजस वाटली. २०१२ साली पटकथाकार जॉन ऑगस्ट, स्टू मॅश्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पुढे आणली. तिच्यात पटकथा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायची असते आणि चिन्हांवरून काय कुठे आहे ते ठरते. नावाआधी ‘@’ दिले की लिपी कोणतीही असो, ते पात्राचे नाव ठरते, आणि ओळीच्या आरंभी एक टिंब दिले की ती ओळ दृश्यशीर्षक होते. आम्ही एक दृश्य असे लिहून पाहिले :

.अंतर्गत – गुऱ्हाळ – पहाट

काहिलीतला रस उतू यायला लागला आहे. चुलवाणाचा उजेड गुळव्याच्या तोंडावर पडला आहे.

@गुळव्या
(न बघताच)
आलायसा? बसा. आदण उतरल्याबिगर मी बोलायचा न्हाई.

ही फाइल फोनवरही उघडते, अक्षरे शाबूत राहतात आणि उद्या एखादी कंपनी बंद पडली तरी लेखन अडकून पडत नाही. अडचण पुढे येते. फाउंटन फाइलची नीट मांडलेली पीडीएफ काढायला पुन्हा एखादे सॉफ्टवेअर लागतेच. हायलंड आणि बीट यांची नावे सगळीकडे वाचली, पण ती मॅकवर चालतात आणि आमच्याकडे विंडोजचा जुना लॅपटॉप आहे.

लिबरऑफिसमध्येही प्रयत्न केला. त्यात देवनागरी उत्तम छापली जाते, फक्त शैली बनवताना फॉन्ट ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’च्या रकान्यात निवडावा लागतो, वरच्या पाश्चात्त्य रकान्यात बदल करून देवनागरीवर काहीही परिणाम होत नाही. हे लक्षात यायला माझे दोन दिवस गेले. पण दृश्यक्रमांक, पात्रांची यादी आणि कोणत्या दृश्यात कोण आहे याचा तक्ता हे सगळे हातानेच करावे लागते, आणि एक दृश्य मागेपुढे केले की पुन्हा सगळे तपासत बसावे लागते.

पानांच्या हिशोबाबद्दलही जाणकारांनी सांगावे. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट हा ठोकताळा बारा पॉइंटच्या कुरियर फॉन्टवर बसवलेला आहे. त्या फॉन्टचे प्रत्येक अक्षर सारख्याच रुंदीचे असते आणि एका इंचात सहा ओळी बसतात. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली जात असल्याने ओळींमध्ये जास्त जागा सोडावी लागते आणि पानावर कमी मजकूर मावतो. आम्ही दहा पाने मोठ्याने वाचून, हालचालींना अंदाजाने वेळ देऊन घड्याळ लावले, तेव्हा सातच मिनिटे झाली. जे नेहमी मराठीत लिहितात ते लांबीचा अंदाज पानांवरून बांधतात की दृश्यांवरून?

मुंबईच्या सहायक दिग्दर्शिका ताईंनी आमच्याकडे ‘फायनल ड्राफ्ट’ या पटकथेच्या सॉफ्टवेअरची एफडीएक्स फाइल मागितली आहे, कारण त्यांचे वेळापत्रकाचे काम त्यावरून चालते. एफडीएक्स ही आतून एक्सएमएल फाइल असते आणि प्रत्येक परिच्छेद शीर्षक आहे, पात्र आहे की संवाद आहे हे तिच्यात नोंदलेले असते, त्यामुळे फायनल ड्राफ्टच विकत घेतले पाहिजे असे नाही; फेड इनसारखी सॉफ्टवेअरही एफडीएक्स देतात. फेड इनचे पैसे एकदाच भरावे लागतात, ही गोष्ट आमच्या दृष्टीने मोठी आहे. सेल्टेक्स पूर्वी संगणकावर फुकट मिळत असे, आता ते ऑनलाइन आणि वर्गणीवर चालते. रायटरड्युएटमध्ये तीन पटकथांपर्यंत पैसे लागत नाहीत आणि दोघांना एकाच वेळी लिहिता येते, ही सोय कोल्हापूर आणि गडहिंग्लज असे विभागून काम करणाऱ्या आम्हा दोघांना फार उपयोगाची आहे, पण गुरुजींच्या घरी इंटरनेट अधूनमधून जाते. एफडीएक्सशिवाय चांगली पीडीएफही लागेलच, कारण मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे पटकथेची नोंदणी आम्हाला ऑनलाइन करायची आहे, आणि मोडक्या अक्षरांची पटकथा तिथे नोंदवायला मन धजत नाही.

आणखी एक अपेक्षा आहे. सॉफ्टवेअरने शब्द आपणहून बदलू नयेत. फोनच्या कळफलकाने ‘न्हाई’चे ‘नाही’ केले आहे आणि ‘आलायसा’ तर प्रत्येक वेळी मोडला आहे. गुरुजी बोलीच्या बाबतीत फार काटेकोर आहेत. करवीर तालुक्यातला गुळव्या एक शब्द कसा उच्चारतो आणि गडहिंग्लजकडचा माणूस तोच कसा, यावर आमची संध्याकाळ-संध्याकाळ चर्चा चालते. ती सगळी मेहनत संवादात जशीच्या तशी उतरायला हवी.

तेव्हा माझी विनंती अशी आहे की, आपल्यापैकी जे विंडोजवर मराठी पटकथा लिहितात त्यांनी आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘गुऱ्हाळ, बिचाऱ्या, चिपाड, मूर्ती, लक्ष्मी’ हे पाच शब्द टाइप करावेत, पीडीएफ काढावी, आणि त्या पीडीएफमधून तेच शब्द पुन्हा कॉपी करून इथे चिकटवावेत. सोबत सॉफ्टवेअरचे नाव, आवृत्ती, वापरलेला फॉन्ट आणि कळफलक लिहिला तर फार उपकार होतील. एफडीएक्स काढून ती दुसऱ्याच्या संगणकावर उघडून पाहिली असेल, तर तो अनुभव आधी सांगावा, कारण ताईंना पहिली वीस दृश्ये येत्या महिनाअखेरीस पाठवायची आहेत.