शुगरच्या गोळ्या आणि हाडं: सोसायटी ग्रुपवरची रविवारची चर्चा

नीलेश (बी-२०४): *फॉरवर्डेड* "शुगरच्या गोळ्या हाडं पोखरतात. आजच बंद करा. १० जणांना पाठवा."

कुलकर्णी काकू (ए-१०१): खरं आहे का रे नीलेश? गेल्या महिन्यात बाथरूममध्ये नुसती घसरले तर मनगट मोडलं. सकाळची गोळी घेतलीच नाही मी आज.

डॉ. स्वाती (सी-४०३): काकू, पुढची गोळी वेळेवर घ्या, पण राहिलेली भरून काढायला दोन एकदम नकोत. पाकिटाचा फोटो टाका.

नीलेश: मॅडम, मी फक्त पुढे ढकलला 🙏

पेंडसे सर (बी-५०१): तेवढंच तर करतोस.

काकू: मेडिकलवाल्याने पट्टी अशी कापून दिलीय की नाव अर्धंच राहिलंय. नातीने जुन्या पाकिटावरून वाचलं. ग्लिमेपिराइड २, मेटफॉर्मिन ५००, पायोग्लिटाझोन १५. एकच गोळी आहे हो, तीन नाहीत.

डॉ. स्वाती: एकाच गोळीत तीन औषधं आहेत, काकू. हाडांच्या दृष्टीने विचारायचं ते तिसऱ्याबद्दल. फॉरवर्डमध्ये सगळ्या गोळ्यांना एकाच माळेत ओवलंय, ते चूक. मेटफॉर्मिनने हाडं मोडतात असं दिसलेलं नाही. ते बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ मात्र तपासून घ्या.

पेंडसे सर: त्या तिसऱ्याने हाडाचं काय होतं ते मी सांगतो, कॉलेजात हेच शिकवायचो. हाडाच्या मज्जेत मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल असतात. त्यांतली एखादी पुढे हाड बांधणारी पेशी होते, एखादी चरबीची. पायोग्लिटाझोन पीपीएआर-गॅमा नावाचा रिसेप्टर, म्हणजे पेशीतलं एक बटणच, चालू करतं. त्यानेच शरीर इन्सुलिनला चांगला प्रतिसाद देतं, पण तोच रिसेप्टर या मूळ पेशींना चरबीच्या वाटेला लावतो. मज्जेत चरबी वाढते, हाड बांधणारे हात कमी पडतात.

देशमुख काका (ए-३०२): म्हणजे साखर उतरते त्याच बटणाने हाडाचंही नुकसान?

पेंडसे सर: हो. म्हणून त्यावर सोपा तोडगा निघत नाही.

डॉ. स्वाती: हे फक्त प्रयोगशाळेतलं नाही. याच गटातल्या रोसिग्लिटाझोनची ॲडॉप्ट नावाची मोठी चाचणी २००६ मध्ये छापून आली. सुमारे चार वर्षांत फ्रॅक्चर झालेल्या बायका रोसिग्लिटाझोनवर ९.३ टक्के, मेटफॉर्मिनवर ५.१, ग्लायब्युराइडवर ३.५. मोडलं ते बहुतेक हातात, दंडात, पावलात. पुरुषांत तेव्हा फरक दिसला नव्हता, पण पुढे पायोग्लिटाझोनच्या आयरिस चाचणीत पुरुषांतही फ्रॅक्चर वाढलेले दिसले. रोसिग्लिटाझोन आपल्याकडे २०१० मध्ये बंद झालं, तेही हृदयाच्या धोक्यामुळे. पायोग्लिटाझोन २०१३ मध्ये काही आठवडे थांबवलं आणि इशारा छापायला लावून परत आणलं. तेव्हा गाजला मूत्राशयाचा कॅन्सर. हाडांकडे फारसं लक्ष गेलं नाही.

सेक्रेटरी: पाच वाजता टाकी धुणार आहेत. पाणी भरून ठेवा.

काकू: पण माझा हाडांच्या घनतेचा डेक्सा रिपोर्ट तर ठीक आला होता, स्वाती.

डॉ. स्वाती: तिथेच टाइप २ डायबेटिस चकवतो. घनता नॉर्मल, कधी जास्तच येते, तरी हाड लवकर मोडतं. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की ती हाडातल्या कोलॅजनला चिकटते आणि हाड ठिसूळ होतं. डेक्सा घनता मोजतो, ठिसूळपणा नाही. त्यामुळे गोळ्या टाकून दिल्या आणि साखर चढली तरी नुकसान हाडांचंच आहे.

देशमुख काका: मी डापाग्लिफ्लोझिनवर आहे.

डॉ. स्वाती: त्याने फ्रॅक्चर वाढल्याचं दिसलेलं नाही, काका. त्याच्या भावंडाचं, कॅनाग्लिफ्लोझिनचं नाव कॅनव्हास चाचणीत खराब झालं होतं. २०१९ च्या क्रेडेन्स चाचणीत तसा फरक आढळला नाही. सिटाग्लिप्टिनसारख्या ग्लिप्टिन गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांनी हाडांसाठी झोप उडवून घेऊ नये. ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिनवाल्यांनी मात्र साखर खाली जाऊ देऊ नका. रात्री चक्कर येऊन पडलात तर हाड मजबूत असूनही मोडेल.

अनिकेत (सी-१०२): आणि ते वजन कमी करायचं इंजेक्शन?

डॉ. स्वाती: वजन झपाट्याने उतरलं की हाड आणि स्नायू दोन्ही झिजतात. प्रोटीन खा आणि वजनं उचल, नुसतं चालून भागणार नाही.

नीलेश: मॅडम, स्टेम सेलची इंजेक्शनं देतात म्हणे गुडघ्यात. एक जाहिरात आलीय, टाकू?

पेंडसे सर: नको.

डॉ. स्वाती: अजिबात नको. चाचणीबाहेर पैसे घेऊन अशी इंजेक्शनं देणं आयसीएमआरच्या नियमात बसत नाही. काकू, गोळी स्वतःहून बंद करू नका, मीही ग्रुपवर बदलून देणार नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारा: मनगट मोडलंय, पायोग्लिटाझोन चालू ठेवायचं की दुसरं काही देता येईल? डी जीवनसत्त्व आणि बी१२ करून घेऊ का? आणि बाथरूममध्ये दांडा बसवून घ्या.

काकू: गुरुवारची वेळ मिळाली. नीलेश, न्यायला तूच येशील.

नीलेश: हो काकू, १० वाजता गाडी काढतो.

काकू: आणि त्याआधी मेडिकलमधून अख्खी पट्टी आण. कापलेली नको.