थकव्यावर अश्वगंधा: आधी चूर्ण की आधी रक्ततपासणी?

भटकी_मांजर
हल्ली कुणी 'फार थकायला होतं गं' म्हणायचा अवकाश, समोरचा लगेच 'अश्वगंधा सुरू कर' म्हणून मोकळा होतो. मला हे पटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांहून जास्त जणींना रक्तक्षय निघाला. अशा राज्यात हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉईड न बघता थकवा 'स्ट्रेस'च्या खात्यावर टाकायचा? चूर्णाने तरतरी आली तर खरं दुखणं आणखी सहा महिने लपून राहणार.

वातातपिक
तपासणीला कुणाची ना आहे? पण तुमचा सूर 'झाडपाला' म्हणून हिणवणारा आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत ताणाखालच्या ६४ जणांपैकी निम्म्यांना ६० दिवस मुळाचा अर्क दिला, ३०० मिलिग्रॅम दोनदा. त्यांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, सुमारे २८ टक्क्यांनी उतरलं.

भटकी_मांजर
चौसष्ट माणसं! आणि तो ठरावीक ताकदीचा अर्क होता. घरी आपण दुधात चमचाभर चूर्ण ढवळतो. अर्काचा निकाल चूर्णाला कसा लावता?

निमचवाला
चूर्णाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मध्य प्रदेशात निमच-मंदसौरकडे हे पीक मोठं. मंडीत जाड, आतून पांढरंशुभ्र, कट्‌कन मोडणारं मूळ भाव खातं. बारीक मुळ्या नि काड्या स्वस्तात जातात. दळल्यावर काय कळणार, कुठलं काय ते? पानांचं तर विचारूच नका. आयुष मंत्रालयाला २०२१ मध्ये उत्पादकांना सांगावं लागलं की पानं वापरू नका. घ्यायचंच तर अख्खं मूळ आणा, घरी कुटा.

काचेची_बरणी
डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदीच घातली, हे कुणी बोलत नाही. यकृताला इजा झाल्याचे रुग्ण नोंदले गेलेत, कावीळ होऊन. थायरॉईडची गोळी चालू असेल तर संप्रेरक आणखी वाढू शकतं. गरोदरपणी तर नकोच. 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

वातातपिक
डेन्मार्कच्या त्या निर्णयावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतलाय, तेही सांगा की. यकृताचे रुग्ण आहेत, मान्य. पण बहुतेकांनी डबीतली पूरक औषधं घेतली होती, काहींत इतर वनस्पतीही होत्या.

रात्रपाळी
मी नर्स आहे. हिमोग्लोबिन १२.८, बी-१२ ठीक, थायरॉईडचं टीएसएच ठीक. डॉक्टर म्हणाले, 'ताण घेऊ नका.' बरं! वॉर्डात तीस पेशंट आणि आम्ही दोघी, ताण कुठे ठेवू? अश्वगंधेने मला सकाळी घरी येऊन झोप लागते. इथल्या तपासणीवाल्यांनी सांगावं, रिपोर्ट नॉर्मल आल्यावर आम्ही काय करायचं.

भटकी_मांजर
तुमच्या बाबतीत मी अडवणार नाही. माझा राग न तपासता घेणाऱ्यांवर आहे. फक्त वर्षानुवर्षं घेऊ नका. बऱ्याचशा चाचण्या दोन-तीन महिन्यांच्याच आहेत, पुढचं कुणी नीट पाहिलेलं नाही. मध्ये एकदा यकृताची तपासणी करून घ्या.

वातातपिक
आता जरा माझ्याच बाजूच्या लोकांना बोलतो. चरकसंहितेच्या रसायन अध्यायात आधी शोधन (शरीरशुद्धी), मग रसायन (बळ देणारं औषध) असा क्रम आहे. त्याच अध्यायात आचाररसायनही आहे, म्हणजे वागण्यातूनच मिळणारं रसायन: झोप-जागरण सम ठेवणं, राग आवरणं, रोज दूध-तूप. रात्री दोनपर्यंत मोबाइल बघून सकाळी कॅप्सूल गिळणाऱ्याला चरकाचा आधार घेता येत नाही.

रात्रपाळी
म्हणजे झोप-जागरण सम ठेवायचं, आणि रात्रपाळी चरक करणार का?

काचेची_बरणी
हे मेट्रनला विचारा :)